टाचेवरची लाली

३ फेब्रुवारी

चि. उंदीरवालीस,

मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली कळव, आणि एकेकाची कळव. "सगळे मजेत" असं लिहून हात झटकू नकोस. माझ्या बहिणीचा, म्हणजे तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? अजून हट्टाने जिनाच चढते का? तुझ्या बाबांचा खोकला गेला, की औषधाची बाटली पुन्हा कपाटामागे गेली? जावईबापूंची पाठ धरली होती ती सुटली का? तुझे डोळे कसे आहेत? दिवसभर त्या सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसतेस, मध्येमध्ये खिडकीबाहेरही बघत जा. आणि तुझे उंदीर? हसू नकोस. आमची सगळी भिस्त आता त्यांच्यावरच आहे.

इकडे तुझ्या मामीची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. माझे कान गेले ते गेलेच. म्हणून तर फोन नको म्हणतो. फोनवर मी आपला "हो हो" करतो आणि ठेवल्यावर मामी विचारते, "कशाला हो म्हणालात?" ते मला कुठे ठाऊक असतं!

आमच्या पोरीला, चिमीला, पडून पाच महिने झाले. रोपवाटिकेत शेडनेटच्या सांगाड्यावरून पडली ते तुला माहीतच आहे. वाऱ्याने नेट सुटलं होतं. कमरेच्या वर ती आपली तीच चिमी आहे, तेच हात, तीच कात्रीसारखी जीभ. कमरेखाली मात्र कुणी परक्याचे पाय आणून बांधावेत तसं झालंय. पलंग खिडकीशी ओढलाय. पुढच्या खोलीत तिचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आहे, त्यावर मामीने चादर टाकलीय. गिऱ्हाईकं अजून येतात, चादर बघतात आणि दारातूनच परत जातात.

सर्जन म्हणाले, "मणका स्क्रू लावून बसवलाय. आतली मज्जारज्जू जोडता येत नाही." मी विचारलं, का नाही येत? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अगं, मी चौथी शिकलेला माणूस, पण चाळीस वर्षं जोडण्याचाच धंदा केलाय. गुलाबाचा डोळा भरताना सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला टेकवायचा, पट्टी आवळायची, तीन आठवड्यांत सगळं एकजीव. मुकं झाड जुळतं आणि बोलतं माणूस जुळत नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. घोडं नक्की कुठे अडलंय ते मला समजेल असं लिही.

आणखी एक. पुनर्वसन केंद्राचं पत्र आलंय. एक एप्रिलपासून बारा आठवडे चिमीला जागा आहे. तिथे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, असं सगळं चाकाच्या खुर्चीवरून करायला शिकवतात. पोरगी जायला उतावीळ झालीय. मला पटत नाही. टेकू लावलेल्या रोपाचं खोड कधी जाड होत नाही. एकदा खुर्ची अंगवळणी पडली की पाय काय करायचं ते विसरतील. तुझं ती ऐकते. तिला सांग, जरा दम धर.

उत्तर लवकर टाक.

तुझा
मामा

—

१८ फेब्रुवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या हुकमाप्रमाणे एकेकाची खुशाली: आईचा गुडघा तसाच, जिनाही तोच. बाबांची बाटली या वेळी बुटांच्या खणात सापडली. ह्यांची पाठ सुटली, आता मान धरलीय. माझे डोळे ठीक. उंदीर उत्तम, माझ्याहून वेळेवर जेवतात.

तुमचा प्रश्न मी आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "इतकं नेमकं आमचे विद्यार्थीही विचारत नाहीत." आता ऐका.

मज्जारज्जू करंगळीएवढी जाड आणि लोण्यासारखी मऊ असते. तिच्यात लाखो बारीक तंतू असतात. मेंदूचा हुकूम त्यांच्यावरून खाली जातो आणि पायांची खबर वर येते. चिमी पडली तेव्हा मणका सरकून तिच्यावर दाबला गेला. तो पहिला घाव, क्षणभराचा. दुसरा घाव पुढे दिवसचे दिवस चालतो. सूज येते, रक्त पोचत नाही, मेलेल्या पेशींतून विषारी रसायनं सांडतात आणि शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात. एका घराला आग लागली आणि आळी जळाली, तसं.

बोटातली नस तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढत परत जुळू शकते. मज्जारज्जूतला तंतू मात्र थोडा पुढे सरकतो आणि टोकाशी फुगीर गाठ होऊन थांबतो. याची कारणं दोन. मोठेपणी त्याच्या पेशीने वाढीचा कारखानाच बंद केलेला असतो. आणि भोवतालची जमीन त्याला पुढे येऊ देत नाही. तंतूंवरच्या फुटलेल्या वेष्टणाचे तुकडे तिथे पडलेले असतात, ते त्याला अडवतात. शिवाय ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी जखमेभोवती व्रणाची भिंत उभी करतात. ती भिंत अगदीच वाईट नाही, सुरुवातीला तीच आग पसरू देत नाही. पण नंतर ती वाटेत उभी राहते.

तुमच्या कलमात कुठलाही हिरवा थर कुठल्याही हिरव्या थराला चालतो. इथे एकेका तंतूला वीतभर, हातभर लांब जाऊन त्याचा स्वतःचा जोडीदार शोधायचा असतो.

उपाय शोधणारे पुष्कळ आहेत. कुणी जखमेत नव्या पेशी सोडतं, कुणी विजेचे बारीक ठोके देतं. आम्ही ती व्रणाची भिंत विरघळवणारं एक औषध तपासतोय. गेल्या महिन्यात आठांपैकी सहा उंदीर मागच्या पायांवर पावलं टाकू लागले! मी तर त्या दिवशी जेवलेच नाही. मामा, तुमच्या भाषेत सांगायचं तर ते तंतू मेलेले नाहीत. फांदीची छाट कुंडीत लावावी आणि ती रुजायची खोळंबावी, तसे थांबलेत. जमीन अनुकूल झाली तर निघतील.

अर्थात हे उंदरांचं झालं, माणसाला वेळ आहे. केंद्राचं म्हणाल तर जायला हरकत नाही असं मला वाटतं. पण तुम्ही सगळे मिळून काय ते ठरवा.

मामीला नमस्कार, चिमीला पापा.

तुमची
उंदीरवाली

—

५ मार्च

चि. उंदीरवालीस अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मामीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती झोपली, पण ते सोड. खोळंबलेली छाट! इतकी साधी गोष्ट, आणि त्या सर्जनला दोन वाक्यांत सांगता येऊ नये?

अशा छाटा मी हजारांनी रुजवल्यात. त्यांना काय लागतं हे मला कुणी शिकवायला नको. मी माझ्या परीने एक उपाय सुरू केलाय. आत्ता सांगत नाही. रुजते आहे की नाही बघायला छाट रोज उपटायची नसते.

पण तुला सांगितल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून ऐक. संध्याकाळी चहा झाला की चिमीच्या पायांची मालीश माझ्याकडे असते. पूर्वी पाय दिवसातून तीनचार वेळा आपसूक झटकायचे. डॉक्टर म्हणाले, "असे झटके येतात, काळजी करू नका." काळजी कोण करतंय! उपाय सुरू केल्यापासून मी नोंद ठेवतोय. पहिल्या आठवड्यात दिवसाला सात. मग अकरा. काल एकोणीस! परवा तर डावा पाय असा उसळला की पांघरूण जमिनीवर आलं. मामी म्हणाली, "अगंबाई, लाथ मारली!" मी म्हटलं, "मारू दे, तुझ्या तोंडात साखर पडो." तर म्हणे, "डॉक्टरांनी बंद केलीय."

आणि खरी बातमी पुढेच आहे. डाव्या टाचेवर लाली आलीय. पाच महिने मेणासारखी पांढरीफटक होती. आता मागच्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, छान गुलाबी रंग उतरलाय. नव्या पालवीचा असतो ना, अगदी तसा. चिमीला दिसत नाही आणि मीही सांगितलेलं नाही. पक्कं होऊ दे, मग सांगेन.

चिमी म्हणते, "बाबा, ते झटके माझे नाहीत. मी काहीच करत नाही." मी म्हणतो, झाड तरी कुठे सांगून फुटतं?

केंद्राला होकार कळवायची शेवटची तारीख पंधरा आहे. फॉर्मवर डॉक्टरांचा शिक्का घेऊन तो पोस्टात टाकणं माझ्याकडे आहे. मी अजून टाकलेला नाही. पोरगी रोज विचारते, "टाकला का?" मी म्हणतो, "टाकतोय." तुला खरं सांगतो, टाकवत नाही. आत्ता कुठे फुटवा धरतोय आणि आपणच तिला खुर्चीत बसवून यायचं?

तू दोन ओळी लिही, की थांबणं बरोबर आहे. म्हणजे मी तिला दाखवीन.

लगेच लिही.

तुझा
मामा

—

१३ मार्च

मामा,

आज नमस्कार-चमत्कार नाहीत. पत्र आत्ता हातात पडलं. चिमीला फोन करून झालाय, त्यामुळे हे पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहिते, कारण फोनवर तुम्ही "हो हो" म्हणाल.

ती लाली बरं होण्याची खूण नाही. ती जखम आहे. बोटाने दाबून बघा. सोडल्यावर जागा आधी पांढरी आणि मग लाल होत नसेल, लालच राहत असेल, तर आतलं मांस मरायला लागलंय. डॉक्टरांकडे न्या. टाच कशालाही टेकवू नका.

आणि ते झटके. चिमीच्या जखमेच्या खालची मज्जारज्जू जिवंत आहे, फक्त तिचा मेंदूशी संबंध तुटलाय. ती स्वतःच कारभार करते. पायाला काही टोचलं, भाजलं, लघवी तुंबली, नख रुतलं, तर खबर तिच्यापर्यंत जाते आणि ती तिथल्या तिथे पाय झटकते. वरून आवरणारं कुणी नाही, म्हणून इतका जोर. चार झटक्यांचे एकोणीस झाले याचा अर्थ एवढाच की खाली कुठेतरी काहीतरी भयंकर दुखतंय. चिमीला ते कळत नाही. पायाला कळतं. तो ओरडत होता आणि तुम्ही त्याचं ओरडणं मोजत बसला होतात.

काय उपाय केलात? मला स्पष्ट लिहा. काय केलंत तुम्ही?

फॉर्म आजच्या आज टाका.

—

२४ मार्च

प्रिय ताई,

बाबा लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा ते मागे ट्रे धूत होते. मी आईला म्हटलं, माझ्या टेबलाच्या खणातला दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा दे. तो टाचेमागे धरायला लावला आणि पाहिलं. मधोमध काळं, भोवती फोड. मला काहीच झालं नाही. ते सगळ्यांत विचित्र होतं. दुसऱ्या कुणाच्या पायाचा फोटो बघत असावी, तशी मी बघत राहिले.

उपाय काय होता ते सांगते. रोपवाटिकेत छाटांच्या ट्रेखाली विजेची गरम चटई असते. खालून ऊब मिळाली की मुळं लवकर फुटतात. ती त्यांनी माझ्या पायांखाली, चादरीच्या आत घातली होती. रोज संध्याकाळी मालीश झाली की दोन तास. वर पाय पांघरुणात. कुंडीला पंचवीस अंश पुरतात, माणसाला जास्त लागत असणार, म्हणून वाढवली. स्वतःचा हात ठेवून बघायचे म्हणे. चाळीस वर्षं काटे टोचून टोचून त्यांचे हात कसे झालेत, तुला माहीत आहे.

मी विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय, म्हणूनच."

डॉक्टर म्हणाले, भरायला आठ ते दहा आठवडे, तेही नशिबाने. फॉर्म बाबांनी चौदा तारखेला स्वतः जाऊन केंद्रात दिला, पोस्टावर विश्वास नाही म्हणून. पण उघडी जखम असेल तर तिथे घेत नाहीत. माझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. पुढची तुकडी ऑक्टोबरमध्ये.

आता माझं ऐक. मी तुझ्यावरही रागावले आहे. बाबांवर रागावणं सोपं आहे, ते समोर असतात, तोंड पाडून बसतात, मला त्यांची दया येते आणि राग वाया जातो. तू लांब आहेस, म्हणून तुझ्यावर नीट रागावता येतं. तुझं ते खोळंबलेल्या छाटेचं पत्र मी वाचलंय. ताई, तू त्यांना कुंडी पाठवलीस आणि त्यांनी तिच्यात मला लावलं. त्यांना समजावं म्हणून तू सगळं गोड केलंस. आणि केंद्राबद्दल काय लिहिलंस? "हरकत नाही असं वाटतं." उंटावरून शेळ्या हाकायच्याच होत्या, तर निदान मोठ्याने तरी हाकायच्या!

मला चालायचं नाही का? आहेच. पण त्याआधी मला संडासला एकटीने जायचंय. आईने उचलल्याशिवाय पलंगावरून उतरायचंय. माझं काम तर बसूनच होतं, ताई. पंधरा वर्षं मी बसूनच जगले. पलंगापासून टेबल अठरा फुटांवर आहे. त्या अठरा फुटांसाठी मला पाय नकोत, खांदे हवेत आणि कुणीतरी शिकवायला हवंय. आणि या घरात सगळे माझे पाय उगवायची वाट बघतायत.

मला गोष्टी नकोत. आकडे असतील तर पाठव.

चिमी

—

८ एप्रिल

प्रिय चिमी,

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही चुकीचं नाही. मामांना आनंद व्हावा म्हणून लिहायला बसले आणि त्यांना आनंद देण्याच्या नादात खरं बोलायची राहिले. मला माफ कर म्हणत नाही, सवडीने कर.

आकडे हवेत ना? आधी माझ्या लाजेचे घे. आठांतले सहा उंदीर चालले, असं मी लिहिलं होतं. तोच प्रयोग आम्ही पुन्हा केला. या वेळी कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे तपासणाऱ्याला सांगितलं नाही. औषधवाल्या आठांतले सहा चालले. पाणीवाल्या आठांतले पाच. म्हणजे औषधाने जवळपास काहीच केलं नाही. आमच्याकडची नवी मुलगी सगळ्यांनाच रोज फिरत्या पट्ट्यावर चालवत होती, तो त्या मेहनतीचा गुण निघाला. दोन वर्षांचं काम. बाई म्हणाल्या, "पी हळद आणि हो गोरी, असं आपल्या धंद्यात नसतं." मी स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

पण यावरून तू व्यायामाने चालशील असं समजू नकोस. त्या उंदरांच्या मज्जारज्जूतले थोडे तंतू आम्ही मुद्दाम शाबूत ठेवलेले असतात. मेहनत त्या उरलेल्या तंतूंना कामाला लावते. तुझे कागद मी पाहिले. जखमेखाली तुला स्पर्श नाही, टोचलेलं कळत नाही, बोट हलत नाही. सहा महिन्यांनंतरही असं असेल, तर चालण्याइतकं परत येणं फार फार क्वचित घडतं. "कधीच नाही" असं मी लिहिणार नाही, कारण ते कुणालाच माहीत नाही. "लवकरच" असंही लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. जगभर लोक झटतायत, मीही उद्यापासून पुन्हा झटेन. पण तू आमच्यासाठी थांबू नकोस.

आता कामाचं. मी केंद्राला फोन केला, मग परत केला, मग तिसऱ्यांदा केला. तिथे शिकवणारे एक मास्तर आहेत, ते स्वतः वीस वर्षं चाकाच्या खुर्चीत आहेत. टाच अधांतरी ठेवून जितकं शिकवता येईल तितकं ते घरी येऊन शिकवतील. जखम भरत आली की सुरू करू म्हणाले. तुझा नंबर दिलाय.

मामांना लिहायला म्हणून तीनदा कागद घेतला आणि फाडला.

ताई

—

२ जून

चि. भाचीबाईस,

आशीर्वाद देतो, ते घ्यायचे की नाही हे तू ठरव.

मार्चपासून तुझं मला पत्र नाही. चिमीला येतात, मला नाही. तक्रार करत नाही. हात दाखवून अवलक्षण मीच केलं. तू विचारलं होतंस, "काय केलंत तुम्ही?" त्याचं उत्तर चिमीने दिलं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं मला द्यायचंय.

त्या दिवशी शेडनेटवर तिला मी चढवलं. वारा होता. माझे गुडघे दुखत होते आणि कामाची माणसं जेवायला गेली होती. ती सुट्टी म्हणून मागे नुसती चहा प्यायला आली होती. मी म्हटलं, "चिमे, चार गाठी मार गं पटकन." तिसऱ्या गाठीला पडली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना म्हणायचो, नेट सुटलं आणि ती पडली. मामीला वाटतं, चिमी आपणहून चढली.

म्हणून मला खुर्ची नको होती, पोरी. टेकू आणि खोड वगैरे सगळं मागाहून सुचलेलं. ती चालायला लागली असती तर ते घडलंच नाही असं झालं असतं. खुर्चीत बसली की ते घडलं.

गेल्या महिन्यात एकदा धीर करून तिला म्हटलं, "चिमे, तुला एक सांगायचंय. तुला वर मी पाठवलं होतं."

ती म्हणाली, "माहीत आहे बाबा. मी तिथेच होते."

टाच भरलीय. कातडी पातळ आहे, तिला जपायला हवं. आरसा घेऊन ती रोज स्वतः बघते, आता मला हात लावू देत नाही. मास्तर आठवड्यातून दोनदा येतात. खुर्चीवरून येतात, आमच्या दोन पायऱ्या कशा चढतात ते बघायला शेजारची माणसं जमतात. पहिल्याच दिवशी मी पुढे झालो, चिमीच्या काखेत हात घालून तिला उचलायला. मास्तर म्हणाले, "आजोबा, तुमचे हात खिशात घाला."

मी म्हटलं, "पडली तर?"

"पडेल की."

"मग?"

"मग उठायला शिकेल. ते पुढच्या धड्यात आहे."

मला इतका संताप आला, काय सांगू. माझ्या घरात, माझ्या पोरीला पाडायला आलाय हा माणूस! मामीने मला ओढत बाहेर नेलं. तेव्हापासून रोज एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आत काय चाललंय ते ऐकू येत नाही, ते एक बरं आहे.

पलंगावरून खुर्चीत सरकायला एक गुळगुळीत फळी असते. एक टोक पलंगावर, एक खुर्चीवर. हातांवर अंग उचलायचं आणि तिच्यावरून घसरत जायचं. वाचायला दोन ओळी लागतात. चिमीला पाच आठवडे लागले. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा खाली बसूनच इतक्या शिव्या दिल्या, की मलाही ऐकू आल्या. मास्तर म्हणाले, "छान. फुप्फुसं उत्तम आहेत."

आज मंगळवार, मास्तर यायचा वार नाही. सकाळी मी नेहमीसारखा दारात उभा. मामी अंघोळीला गेलेली. चिमीने फळी स्वतः लावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हाक मारल्याशिवाय यायचं नाही." चाळीस मिनिटं लागली. मध्ये एकदा अर्ध्यावर थांबली, तोंड लालबुंद. पाय उसळला आणि फळी हलली. पोरी, मी तुला खरं सांगतो, चाळीस वर्षांत मला कुठलीही गोष्ट इतकी जड गेली नाही जितकं तिथे नुसतं उभं राहणं गेलं. तिने हाक मारली नाही. मी गेलो नाही.

बसली एकदाची. वाकडी बसली, मग सावरली. पाय एकेक करून हाताने उचलून खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवले. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून काहीतरी म्हणेल. मीही काहीतरी म्हणायची तयारी केली, डोळे पुसले.

ती चाकं ढकलत सरळ दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा. गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

मी बाजूला झालो.

तिच्या टेबलावरची चादर काढायलाही मला लावलं नाही. आत्ता हे लिहिताना दारातून दिसतंय, पुढच्या खोलीत कुणीतरी तिच्याशी घासाघीस करतंय आणि ती त्याला झापतेय.

आता तू लिही. उंदरांचं लिही, जावईबापूंच्या मानेचं लिही. रागावून लिहायचं असेल तर रागावून लिही, दोन ओळी लिही, पण मला लिही आणि लवकर लिही.

तुझा
मामा